एनपीएम ऑडिट शून्य दाखवतंय, तरी पॅकेजमधून घातक कोड आत येऊ शकतो का? छोट्या टीमने नेमकं काय बदलावं?

बॅकएंड_सांगली

नमस्कार मंडळी. आमची ६ जणांची टीम आहे. एक मोठं नोड अ‍ॅप, थेट डिपेंडन्सी (आम्ही घेतलेली बाहेरची पॅकेजेस, एनपीएम या नोडच्या पॅकेज मॅनेजरमधून) साधारण ६०, पण लॉकफाईल (नेमकी कुठली व्हर्जन घ्यायची त्याची यादी) उघडली की १,४०० च्या वर पॅकेजेस दिसतात. जोडीला दोन पायथन सर्व्हिसेस. बिल्ड गिटहब अ‍ॅक्शन्सवर होतो, शिवाय प्रत्येक जण आपापल्या लॅपटॉपवर एनपीएम इन्स्टॉल करतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक आणि डीबग या एनपीएम पॅकेजेसमध्ये घातक कोड घुसवल्याचं प्रकरण झालं, लगेच शाय-हुलूड हा पॅकेजमधून पॅकेजमध्ये पसरणारा वर्म आला, नोव्हेंबरात त्याची दुसरी लाट. तेव्हापासून टीममध्ये दोन तट पडलेत. काही जण म्हणतात सगळं कायम लेटेस्ट ठेवा, पॅच वेळेत मिळतील. बाकीचे म्हणतात अपडेट पूर्ण बंद करा. मला दोन्ही पटत नाही, पण मधला रस्ता नेमका कसा आखायचा ते कळत नाहीये.

एनपीएम ऑडिट रोज चालतं आणि शून्य दाखवतं. त्यावर किती विसंबायचं? नवं पॅकेज घेण्याआधी काय बघायचं? आणि एखाद्या लॅपटॉपवर घातक व्हर्जन उतरलंच, तर नोड मॉड्यूल्स फोल्डर उडवून पुन्हा इन्स्टॉल करणं पुरे का? कमांड आणि सेटिंग्जच्या पातळीवर उत्तरं मिळाली तर फार मदत होईल.

---

बिल्डमास्तर

ऑडिटपासून सुरुवात करतो. ते तुमच्या लॉकफाईलमधली नावं आणि व्हर्जन घेऊन आधीच नोंदलेल्या दोषांच्या यादीशी ताडून पाहतं. कोड उघडून वाचत नाही. घातक व्हर्जनचं आयुष्य बहुतेकदा काही तासांचं असतं आणि यादीत नोंद होईपर्यंत ते ज्यांच्या मशीनवर उतरायचं त्यांच्यावर उतरलेलं असतं. ऑडिट चालू ठेवा, पण ते जुन्या दोषांसाठी आहे. आज सकाळी घुसवलेला कोड ते पकडेल अशी अपेक्षा ठेवू नका.

चॉक-डीबगच बघा. ८ सप्टेंबर २०२५. मेंटेनरला (पॅकेज सांभाळणाऱ्याला) एनपीएमजेएस डॉट हेल्प या डोमेनवरून ईमेल आला की टू-फॅक्टर अपडेट करा, नाहीतर खातं लॉक होईल. पान हुबेहूब होतं, खातं हातातून गेलं आणि १८ पॅकेजेसची घातक व्हर्जन बाहेर पडली. या पॅकेजेसचे आठवड्याचे डाउनलोड मिळून २०० कोटींच्या वर. आतला कोड ब्राउझरमध्ये चालणारा होता. तो पानाच्या नेटवर्क कॉलमध्ये शिरून क्रिप्टो वॉलेटचा पत्ता दिसायला जवळच्या अशा दुसऱ्या पत्त्याने बदलायचा. काही तासांत ती व्हर्जन काढली गेली. त्या तासांत ज्यांनी नव्याने रिझॉल्व्ह केलं, म्हणजे कुठलं व्हर्जन घ्यायचं हे एनपीएमला नव्याने ठरवू दिलं, ते सापडले. जे लॉकफाईलवरून जुनंच व्हर्जन उतरवत होते त्यांना काहीच झालं नाही.

म्हणून पहिलं काम लॉकफाईलचं. पॅकेज.जेसनमध्ये व्हर्जनच्या आधी कॅरेटचं चिन्ह असेल, तर त्याच मेजरमधलं कुठलंही नवं मायनर किंवा पॅच व्हर्जन चालतं. लॉकफाईल कमिट केलेली नसेल तर एनपीएम इन्स्टॉल त्या क्षणी जे सर्वात नवं असेल ते आणतं. लॉकफाईल असली तरी पॅकेज.जेसनशी तिचं जुळलं नाही की इन्स्टॉल ती मुकाट्याने बदलतं. सीआयवर (आपोआप बिल्ड-टेस्ट करणाऱ्या सर्व्हरवर), डॉकरमध्ये आणि लॅपटॉपवरही रोजच्या कामासाठी एनपीएम सीआय ही कमांड वापरा. ते लॉकफाईलमध्ये लिहिलेलंच उतरवतं, जुळलं नाही तर एरर देऊन थांबतं आणि प्रत्येक टारबॉलचा (पॅकेजच्या बांधलेल्या फाईलचा) एसएचए-५१२ हॅश (मजकुराचा ठसा) ताडून पाहतं. एनपीएम इन्स्टॉल फक्त तेव्हाच, जेव्हा डिपेंडन्सी जाणूनबुजून बदलायची आहे.

पुल रिक्वेस्टमध्ये लॉकफाईलचा डिफ कुणी वाचत नाही, कारण तो हजारो ओळींचा असतो. तिथे 'रिझॉल्व्हड' या ओळीतला पत्ता बदलून भलत्याच सर्व्हरवरचा टारबॉल आणि त्याचा हॅश घालता येतो; नाव आणि व्हर्जन तेच दिसतं. लॉकफाईल-लिंट नावाचं छोटं टूल आहे. ठरवलेल्या रजिस्ट्रीबाहेरचा (पॅकेजेस ठेवणाऱ्या सर्व्हरबाहेरचा) होस्ट दिसला की ते बिल्ड पाडतं. बसवायला दहा मिनिटं लागतात, बसवाच.

दुसरं काम, थांबण्याचं. प्रसिद्ध होऊन ७ दिवस न झालेलं व्हर्जन घ्यायचं नाही. पीएनपीएम या एनपीएमला पर्यायी मॅनेजरमध्ये १०.१६ पासून 'मिनिमम रिलीज एज' हे सेटिंग आहे आणि त्याचं माप मिनिटांत आहे, म्हणजे ७ दिवसांसाठी १००८० लिहायचं. ७ लिहिलंत तर फक्त सात मिनिटं थांबेल. यार्न या तशाच मॅनेजरच्या ४.१० मध्ये याच कामाचं 'एनपीएम मिनिमल एज गेट' आहे. एनपीएमवरच राहायचं असेल तर इन्स्टॉल करताना --बिफोर हा पर्याय आणि आठवड्यापूर्वीची तारीख द्या. त्या तारखेनंतर आलेलं काहीही रिझॉल्व्ह होत नाही. लक्षात घ्या, ही गाळणी रिझॉल्व्ह करताना लागते. घातक व्हर्जन लॉकफाईलमध्ये आधीच बसलेलं असेल तर ती वाचवणार नाही.

तिसरं, इन्स्टॉल स्क्रिप्ट. कुठलंही पॅकेज आपल्या पॅकेज.जेसनमध्ये प्रीइन्स्टॉल, इन्स्टॉल किंवा पोस्टइन्स्टॉल अशी कमांड लिहू शकतं आणि एनपीएम ती तुमच्या युजरच्या सगळ्या अधिकारांनिशी चालवतं. तुम्ही ते पॅकेज कोडमध्ये इम्पोर्टही केलेलं नसलं तरी. पहिला शाय-हुलूड पोस्टइन्स्टॉलमधून चालला, दुसरी लाट प्रीइन्स्टॉलमधून, म्हणजे बाकीचं इन्स्टॉल पुरं होण्याच्याही आधी. डॉट एनपीएमआरसी फाईलमध्ये इग्नोअर-स्क्रिप्ट्स ट्रू ठेवा.

मोडतं काय, ते आधीच सांगतो, कारण लोक इथेच कंटाळून सेटिंग परत काढतात. नेटिव्ह बाइंडिंग (मशीनवर कंपाइल होणारा भाग) लागणारी पॅकेजेस, म्हणजे बीक्रिप्ट, एसक्यूलाइट३ वगैरे, बिल्ड होत नाहीत. पपेटियर ब्राउझर उतरवत नाही, सायप्रेस आपली बायनरी उतरवत नाही. शिवाय हे सेटिंग असताना तुमच्या स्वतःच्या एनपीएम रन बिल्डच्या आधीचं प्रीबिल्ड आणि नंतरचं पोस्टबिल्डसुद्धा चालत नाही, आणि एरर काहीच येत नाही. बिल्ड अर्धवट का होतोय हे शोधण्यात माणसं तासन् तास घालवतात. त्या पायऱ्या मुख्य स्क्रिप्टमध्ये साखळीने लिहून टाका. ज्या मोजक्या पॅकेजेसना स्क्रिप्ट खरोखर लागते त्यांची यादी करून एनपीएम सीआयनंतर फक्त त्यांच्यासाठी एनपीएम रिबिल्ड चालवा, आणि त्या कमांडला इग्नोअर-स्क्रिप्ट्स फॉल्स द्या. १,४०० पॅकेजेसच्या झाडातही ही यादी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी निघते.

पीएनपीएम १० मध्ये डिपेंडन्सीच्या स्क्रिप्ट मुळातच बंद आहेत. 'अप्रूव्ह-बिल्ड्स' कमांड देऊन ज्यांना परवानगी द्यायची त्यांना द्यायची. नवीन प्रोजेक्ट असेल तर मी सरळ त्याचाच आग्रह धरेन.

---

रेड_सह्याद्री

बिल्डमास्तरांशी बहुतांशी सहमत, पण ७ दिवसांचा नियम डोळे झाकून लावू नका. डिसेंबर २०२५ मधला रिअ‍ॅक्ट सर्व्हर कॉम्पोनंट्सचा दोष आठवा, सीव्हीई-२०२५-५५१८२. लॉगिन न करता सर्व्हरवर कोड चालवता येत होता, गुण १० पैकी १०. ३ डिसेंबरला जाहीर झाला आणि हल्ले लगोलग सुरू झाले. तिथे आठवडाभर थांबणं म्हणजे दार उघडं टाकून बसणं. आणि उलटी बाजू अशी की काही घातक कोड आठवड्यात उघडकीला येतच नाही. २०१८ चं इव्हेंट-स्ट्रीम: मूळ लेखकाने देखभाल एका मदत करू पाहणाऱ्या अनोळखी माणसाकडे सोपवली, त्याने फ्लॅटमॅप-स्ट्रीम नावाची नवी डिपेंडन्सी घातली. ती सप्टेंबरात आली, तिच्यात घातक कोड ऑक्टोबरात घातला गेला आणि तो नोव्हेंबरात लक्षात आला. आतला मजकूर एन्क्रिप्ट केलेला होता आणि त्याची किल्ली होती कोपे या बिटकॉइन वॉलेटच्या पॅकेजचं वर्णन. बाकी कुठल्याही प्रोजेक्टमध्ये तो उलगडायचाच नाही. सँडबॉक्समध्ये चालवून पाहिलं असतं तरी काही दिसलं नसतं.

तेव्हा थांबणं हा एकच उपाय धरू नका. मला त्याहून महत्त्वाचा प्रश्न वाटतो तो असा: इन्स्टॉल ज्या मशीनवर चालतं तिथून चोरण्यासारखं काय हाताशी आहे? शाय-हुलूडने ट्रफलहॉग हे सिक्रेट शोधायचं टूलच उतरवून लॅपटॉप धुंडाळला. ऑगस्ट २०२५ मध्ये एनएक्स या बिल्ड टूलच्या घातक व्हर्जननी मशीनवरच्या एआय कमांडलाइन टूल्सना कामाला लावून वॉलेट आणि किल्ल्यांच्या फाईली शोधल्या. त्यांना हवं असतं डॉट एनपीएमआरसीमधलं पब्लिश टोकन, डॉट एसएसएच फोल्डर, एडब्ल्यूएसची क्रेडेन्शियल्स फाईल, गिटहब सीएलआयचं टोकन आणि डॉट ईएनव्ही फाईली. यातलं जे त्या मशीनवर नसेल ते चोरीला जाणार नाही.

व्यवहारात: लॅपटॉपवर कायमच्या एडब्ल्यूएस की ठेवू नका, सिंगल साइन-ऑनमधून काही तासांची सेशन्स घ्या. पब्लिश टोकन कुणाच्याच लॅपटॉपवर नको. तुम्ही स्वतः पॅकेज प्रसिद्ध करत असाल तर ट्रस्टेड पब्लिशिंग वापरा. तिथे सीआयला त्या एका रनपुरतं अल्पजीवी टोकन मिळतं आणि साठवून ठेवण्यासारखं काही उरत नाही. आणि डेव्हलपमेंट कंटेनरमध्ये हलवा, ज्यात होम फोल्डर माउंट केलेला नाही, फक्त प्रोजेक्टचा फोल्डर आहे.

---

बिल्डमास्तर

रेड_सह्याद्री, मुद्दा रास्त आहे. रिअ‍ॅक्टसारख्या वेळी पीएनपीएममध्ये 'मिनिमम रिलीज एज एक्सक्लूड' या यादीत त्या पॅकेजचं नाव घालायचं, नेमकं दुरुस्त केलेलं व्हर्जन घ्यायचं आणि तीच पुल रिक्वेस्ट मर्ज झाली की नाव काढायचं. यादीत नाव राहून गेलं तर त्या पॅकेजपुरती गाळणी कायमची उघडी राहते, म्हणून त्या ओळीशेजारी तारीख लिहा. गिटहबच्या डिपेंडाबॉट या अपडेट सुचवणाऱ्या बॉटमध्ये 'कूलडाउन' नावाचं सेटिंग आहे, ते फक्त साध्या अपडेटना लागतं. सुरक्षा अपडेट त्याला न जुमानता लगेच येतात. बॅकएंड_सांगली, तुमच्या दोन तटांमधला मधला रस्ता हाच. साधं अपडेट आठवडाभराने, जाहीर झालेल्या दोषावरचा पॅच त्याच दिवशी आणि माणसाने डिफ बघून.

---

पायथनकर

पायथन सर्व्हिसेसबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. तिथे सापळे वेगळे आहेत.

पायथनचा पॅकेज मॅनेजर पिप दोन प्रकारचं सामान उतरवतो. व्हील म्हणजे तयार झिप, उलगडून जागेवर ठेवायची. सोर्स डिस्ट्रिब्युशन असेल तर मात्र बिल्ड करावं लागतं आणि त्यात सेटअप.पीवाय चालते. ती साधी पायथन फाईल आहे, काहीही करू शकते. पुष्कळांना वाटतं पिप डाउनलोड किंवा ड्राय-रन निरुपद्रवी आहे. तसं नाही. सोर्स पॅकेजची नुसती मेटाडेटा काढायलाही पिप बिल्डची यंत्रणा चालवतं, म्हणजे घातक कोड तिथेच चालू शकतो. संशयित पॅकेज बघायचं असेल तर पायपीआय या पायथनच्या सार्वजनिक पॅकेज साठ्याच्या पानावरून फाईल थेट उतरवा आणि हाताने उलगडा. रोजच्या इन्स्टॉलला --ओन्ली-बायनरी :ऑल: हा पर्याय लावा. ज्याचं व्हील मिळत नाही ते पॅकेज लगेच समोर येईल. मग त्याचं व्हील वेगळ्या, किल्ल्या नसलेल्या मशीनवर एकदाच बनवून आपल्या अंतर्गत इंडेक्सवर (पॅकेज साठ्यावर) ठेवा.

व्हील सुरक्षित असतं असंही नाही. साइट-पॅकेजेस फोल्डरमध्ये डॉट पीटीएच फाईल आली आणि तिच्यात इम्पोर्टने सुरू होणारी ओळ असली, तर ती ओळ पायथन सुरू होतानाच दर वेळी चालते. पॅकेज इम्पोर्ट करायचीही गरज नाही. एन्व्हायर्नमेंटमधल्या सगळ्या डॉट पीटीएच फाईलींवर ग्रेप मारून बघा. एडिटेबल इन्स्टॉलच्या आणि सेटअपटूल्सच्या सोडून काही दिसलं तर उघडून वाचा.

हॅश लावा. पिप-कंपाइलला --जनरेट-हॅशेस देऊन रिक्वायरमेंट्स फाईल बनवा आणि इन्स्टॉल करताना --रिक्वायर-हॅशेस. मग प्रत्येक पॅकेज, आडून येणारंही, नेमक्या व्हर्जनला आणि हॅशला बांधलं जातं. एकही सुटलं तर पिप थांबतं. हॅश जुळला याचा अर्थ काल घेतलं तेच आज आलं. कालचंच वाईट असेल तर तेही इमानदारीने जुळेल.

पिपऐवजी यूव्ही हे टूल वापरत असाल तर 'एक्सक्लूड-न्यूअर' मध्ये तारीख द्या, वरच्या ७ दिवसांच्या नियमासारखाच परिणाम मिळतो.

आता सर्वात दुर्लक्षित गोष्ट. कंपनीचा खाजगी इंडेक्स असेल आणि तो --एक्स्ट्रा-इंडेक्स-यूआरएलने जोडला असेल, तर पिप दोन्ही इंडेक्स बघतं आणि ज्याचं व्हर्जन मोठं ते उचलतं. खाजगीला प्राधान्य वगैरे काही नाही. तुमच्या अंतर्गत पॅकेजच्या नावाने कुणी पायपीआयवर ९९.०.० टाकलं तर तेच येणार. पायटॉर्चच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. २५ ते ३० डिसेंबर २०२२ या दिवसांत नाइटली बिल्ड लिनक्सवर पिपने बसवणाऱ्यांकडे टॉर्चट्रायटन हे पॅकेज पायटॉर्चच्या स्वतःच्या इंडेक्सऐवजी पायपीआयवरून आलं, आणि त्याने एसएसएच किल्ल्या आणि होम फोल्डरमधल्या पहिल्या १,००० फाईली डीएनएस क्वेरींमधून बाहेर पाठवल्या. उपाय: एकच इंडेक्स-यूआरएल ठेवा, जो मागे पायपीआयचा प्रॉक्सी असेल आणि अंतर्गत नावं बाहेर शोधणार नाही. यूव्ही मुळातच पहिल्या इंडेक्सवर नाव सापडलं की तिथेच थांबतं. एनपीएममध्ये अंतर्गत पॅकेजेस नेहमी कंपनीच्या स्कोपखाली (नावाआधीच्या उपसर्गाखाली) ठेवा आणि तो स्कोप सार्वजनिक रजिस्ट्रीवरही आपल्या नावे घेऊन ठेवा.

---

टारबॉल_वाचक

'नवं पॅकेज घेण्याआधी काय बघायचं' याचं उत्तर राहिलंय. गिटहबवर जाऊन कोड वाचणं हे उत्तर नाही, कारण तुम्ही वाचता एक आणि उतरवता दुसरंच.

एक्सझेड या लिनक्सवरच्या कॉम्प्रेशन टूलचं प्रकरण याचसाठी नीट समजून घ्या. ५.६.० हे व्हर्जन २४ फेब्रुवारी २०२४ ला आलं, ५.६.१ ९ मार्चला. घातक बिल्ड स्क्रिप्ट, बिल्ड-टू-होस्ट.एमफोर, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होती. गिटच्या रिपोत ती नव्हतीच. ती स्क्रिप्ट चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या दोन कॉम्प्रेस्ड फाईलींमधून पुढचा कोड उलगडायची. त्या फाईली रिपोत होत्या, पण बायनरी असल्यामुळे कुणाच्या डोळ्यांत आल्या नाहीत. उलगडलेला कोड एक्सझेडच्या लिबएलझेडएमए या लायब्ररीत बसायचा, तोही एक्स८६-६४ लिनक्सवर डेबियन किंवा आरपीएम पॅकेज बनत असेल तरच. ओपनएसएसएच स्वतः लिबएलझेडएमए वापरत नाही, पण काही डिस्ट्रो त्याला सिस्टमडीला (लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेला) सूचना पाठवण्यासाठी लिबसिस्टमडी जोडतात आणि लिबसिस्टमडीमागून लिबएलझेडएमए येते. अँड्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरना एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे दिसलं, त्यांनी कारण खणून काढलं आणि २९ मार्चला जाहीर केलं. 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या खात्याने त्याआधी दोनेक वर्षं व्यवस्थित काम करून मेंटेनरचा विश्वास मिळवला होता.

म्हणून टारबॉलच वाचा. एनपीएम पॅक आणि पुढे पॅकेजचं नाव व व्हर्जन दिलं की रजिस्ट्रीवरचा टारबॉल उतरतो, त्याची स्क्रिप्ट चालत नाही. अपडेट असेल तर एनपीएम डिफला जुनं आणि नवं व्हर्जन द्या, प्रसिद्ध झालेल्या दोन टारबॉलमधला फरक समोर येतो. पॅच व्हर्जनचा डिफ एरवी वीस-पंचवीस ओळींचा असतो. तिथे अचानक नवी मोठी फाईल दिसली तर थांबा. शाय-हुलूडच्या पहिल्या लाटेत बंडल.जेएस ही काही एमबींची फाईल होती, दुसरीत सेटअप_बन.जेएस आणि सोबत बन_एन्व्हायर्नमेंट.जेएस, जी सुमारे १० एमबींची होती. शोधायचं काय: पॅकेज.जेसनमध्ये नव्याने आलेली प्रीइन्स्टॉल किंवा पोस्टइन्स्टॉल, चाइल्ड प्रोसेस, इव्हॅल, बेस-६४ उलगडणारा कोड, प्रोसेस.ईएनव्ही पूर्ण गोळा करणारी ओळ, आणि मिनिफाय न केलेल्या फाईलमध्ये मधेच आलेली हजारो अक्षरांची एकच ओळ. ती ओळ बऱ्याचदा शंभर-दोनशे स्पेसनंतर सुरू होते, म्हणजे एडिटरच्या उजव्या कडेपलीकडे. एडिटरमध्ये वर्ड-रॅप लावल्याशिवाय वाचू नका. रूटमध्ये बाइंडिंग.जिप (झिप नव्हे, जी-वाय-पी) ही फाईल आहे का तेही बघा. ती असली आणि इन्स्टॉल स्क्रिप्ट लिहिलेली नसली, तर एनपीएम आपणहून नोड-जिप रिबिल्ड चालवतं. पॅकेज.जेसन साफ दिसतं, स्क्रिप्ट मात्र चालते.

एनपीएम व्ह्यू, पॅकेजचं नाव आणि पुढे टाइम असं लिहिलंत तर प्रत्येक व्हर्जनची तारीख मिळते. तीन-चार वर्षं शांत असलेल्या पॅकेजचं एका दिवसात तीन व्हर्जन आलं असेल तर कारण शोधल्याशिवाय घेऊ नका. आधीच्या व्हर्जनना प्रोव्हेनन्स (कुठल्या रिपोतून आणि बिल्डमधून बनलं याची सही केलेली नोंद) होतं आणि नव्याला नाही, हीसुद्धा मोठी खूण. एनपीएम ऑडिट सिग्नेचर्स चालवलंत तर सह्या आणि प्रोव्हेनन्स दोन्ही तपासले जातात. पण प्रोव्हेनन्स असलं म्हणजे कोड चांगला, असं मात्र नाही. डिसेंबर २०२४ मध्ये पायपीआयवरच्या अल्ट्रालिटिक्सची ८.३.४१ आणि ८.३.४२ ही व्हर्जन क्रिप्टो मायनर घेऊन आली. ती त्यांच्या स्वतःच्या गिटहब वर्कफ्लोमधूनच बनली होती, कारण हल्लेखोराने अ‍ॅक्शन्सची कॅश बिघडवली होती. पावती खरी होती आणि माल खोटा.

एक शेवटचं, एआय सहायकाने सुचवलेलं पॅकेजचं नाव थेट इन्स्टॉल करू नका. असं नाव अस्तित्वातच नसतं असं बऱ्याचदा होतं, आणि अशी नावं हेरून कुणीतरी ती आधीच घेऊन ठेवतं. आधी एनपीएम व्ह्यू, मग बाकी सगळं.

---

बॅकएंड_सांगली

फार मोलाची माहिती. दोन गोष्टी अजून हव्यात. लॅपटॉपवर घातक व्हर्जन उतरलं तर पहिल्या तासात काय करायचं? आणि गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये काय घट्ट करायचं?

---

रात्रपाळी

नोड मॉड्यूल्स उडवणं पुरे नाही, कारण इन्स्टॉल संपेपर्यंत चोरी झालेली असते. मशीन पूर्ण फुटलंय असं धरूनच चाला.

मशीन सरळ बंद करा, पॉवर बटण दाबून. नुसतं वायफाय काढून चालू ठेवू नका. नोव्हेंबर २०२५ च्या लाटेतला कोड, चोरलेलं बाहेर पाठवायला मार्ग मिळाला नाही की युजरचा होम फोल्डर पुसायचा. मेमरीतले पुरावे जातील, पण छोट्या टीमला डिस्क वाचवणं जास्त मोलाचं. नंतर दुसऱ्या सिस्टमवरून डिस्कची प्रत काढा. एनएक्सच्या प्रकरणात बॅशआरसी आणि झेडएसएचआरसीमध्ये शटडाउनची ओळ घातली जायची, म्हणजे टर्मिनल उघडताच मशीन बंद. त्याच सिस्टमवर बूट करून तपासत बसू नका, त्यालाही हे एक कारण.

मग दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून टोकन रद्द करा. रद्द करा म्हणतोय. नवं काढून जुनं तसंच ठेवलं तर काहीच साधत नाही, आणि गिटहबचा पासवर्ड बदलल्याने पर्सनल अ‍ॅक्सेस टोकन बाद होत नाहीत. क्रम असा धरा: आधी ज्यांनी दुसऱ्यांपर्यंत संसर्ग जाऊ शकतो ती, म्हणजे एनपीएम आणि गिटहब, मग क्लाउड, मग डेटाबेस, पेमेंट, एसएमएस गेटवे वगैरे. एसएसएच किल्लीसुद्धा गिटहबवरून आणि सर्व्हरच्या ऑथोराइज्ड कीज फाईलमधून काढा. दुसरी जागा हमखास विसरली जाते.

गिटहबवर त्या युजरच्या नावाने तयार झालेले अनोळखी सार्वजनिक रिपो शोधा. खाजगी रिपो सार्वजनिक झालेत का बघा; पहिल्या शाय-हुलूडने त्यांच्या प्रती नावाला 'मायग्रेशन' हे शेपूट जोडून उघड्यावर टाकल्या होत्या. वर्कफ्लो फोल्डरमध्ये नवी फाईल, नवी ब्रँच, आणि सेल्फ-होस्टेड रनरच्या (बिल्ड चालवणाऱ्या स्वतःच्या मशीनच्या) यादीत आपला नसलेला रनर आहे का पाहा. दुसऱ्या लाटेत रनरचं नाव शा१हुलूड असं असायचं. एडब्ल्यूएसवर क्लाउडट्रेल या वापराच्या लॉगमध्ये त्या की कुठून वापरल्या गेल्या ते तपासा.

टीममध्ये अजून कुणाकडे ते उतरलं? लॉकफाईलच्या इतिहासात गिट लॉगला -एस देऊन ते व्हर्जन शोधा. ज्यांनी कमिट केलं नाही पण इन्स्टॉल केलं, त्यांच्याकडे होम फोल्डरमधल्या डॉट एनपीएम खाली लॉग्स फोल्डर असतो; पण तिथे मुळात शेवटच्या १० रनचेच लॉग राहतात, तेव्हा त्यांनी काहीही चालवण्याआधी ते उचलून ठेवा. सीआयची कॅश पुसा, त्या काळात बनलेल्या डॉकर इमेजेस टाकून द्या. आणि नेक्सस, आर्टिफॅक्टरी किंवा व्हर्डाचिओसारखा प्रॉक्सी असेल तर त्यातून ते व्हर्जन हाताने काढा. एनपीएमने मूळ काढून टाकलं तरी तुमच्या प्रॉक्सीत प्रत तशीच पडून असते आणि पुढच्या आठवड्यात ती कुणाला तरी पुन्हा मिळते.

भारतात नोंदलेली कंपनी असाल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना कळल्यापासून ६ तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. ६ तासांत पूर्ण चौकशी होत नाही. हाती आहे तेवढी माहिती आधी पाठवा, बाकी नंतर जोडता येते.

आता अ‍ॅक्शन्स. मार्च २०२५ मध्ये टीजे-अ‍ॅक्शन्सचं चेंज्ड-फाइल्स हे २३,००० हून जास्त रिपो वापरत असलेलं अ‍ॅक्शन फुटलं. हल्लेखोराने जुने टॅगच घातक कमिटकडे वळवले. व्ही३५ असं लिहून निश्चिंत असलेल्यांनाही घातकच कोड मिळाला आणि त्यांची सिक्रेट्स बिल्ड लॉगमध्ये छापली गेली. सार्वजनिक रिपो असेल तर जगासमोर. टॅग हलवता येतो, कमिटचा हॅश हलवता येत नाही. बाहेरचं प्रत्येक अ‍ॅक्शन पूर्ण ४० अक्षरी हॅशने बांधा आणि शेजारी कॉमेंटमध्ये व्हर्जन लिहा, डिपेंडाबॉट दोन्ही बदलतो.

वर्कफ्लोच्या वरच 'परमिशन्स' मध्ये कंटेंट्स रीड एवढंच ठेवा, जास्त लागेल त्या जॉबलाच द्या. पुल रिक्वेस्ट टार्गेट हा ट्रिगर वापरून बाहेरच्या माणसाचा कोड चेकआउट करून चालवू नका. त्या ट्रिगरला तुमची सिक्रेट्स मिळतात. इन्स्टॉल आणि टेस्ट एका जॉबमध्ये, डिप्लॉय दुसऱ्यात. डिप्लॉयच्या किल्ल्या पहिल्या जॉबच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये येताच कामा नयेत. बहुतेक ठिकाणी सिक्रेट्स वर्कफ्लोच्या अगदी वरच्या ईएनव्हीमध्ये लिहिलेली असतात आणि त्यामुळे एनपीएम सीआयच्या पायरीलाही सगळी दिसतात. त्या ओळी उद्याच खाली, ज्या पायरीला लागतात तिथे हलवा.

---

बॅकएंड_सांगली

आमच्याकडे अगदी तसंच वरच लिहिलेलं आहे, हलवतो. डॉकरफाईलमध्ये खाजगी रजिस्ट्रीचं टोकन आर्ग (बिल्डला दिलेली किंमत) म्हणून देतो आणि एनपीएम सीआयनंतर डॉट एनपीएमआरसी पुसतो. ते चालेल ना?

---

रात्रपाळी

नाही. आर्गची किंमत डॉकर हिस्ट्रीमध्ये दिसते, आणि एका लेयरमध्ये लिहिलेली फाईल पुढच्या लेयरमध्ये पुसली तरी आधीच्या लेयरमध्ये ती राहतेच. इमेज ज्याच्या हाती जाईल त्याला टोकन मिळेल. बिल्डकिटचा सिक्रेट माउंट वापरा: रन ओळीत --माउंट=टाइप=सिक्रेट देऊन डॉट एनपीएमआरसी तेवढ्या कमांडपुरती दिसते आणि कुठल्याच लेयरमध्ये उतरत नाही. टोकन फक्त वाचण्याच्या अधिकाराचं, त्याच रजिस्ट्रीपुरतं काढा, कारण त्या कमांडदरम्यान चालणाऱ्या कुठल्याही इन्स्टॉल स्क्रिप्टला ते वाचता येतं. म्हणजे इथेही इग्नोअर-स्क्रिप्ट्स हवंच. आतापर्यंत पुश केलेल्या इमेजेसमधलं जुनं टोकन आजच रद्द करा.